काचेची साय

४ जून

आज पुन्हा भुगा! आली, चपला काढल्या नाहीत, पिशवी ठेवली नाही, सरळ खुर्चीत. म्हटलं काय झालं. म्हणाली, "भुगा झाला, आई." मला वाटलं कुणाचा कप फुटला. कसला कप! तिची चकती.

माझ्या सुनेचं काम मला अजून कुणाला धड सांगता येत नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, दगड भाजते. हसल्या. हसू देत. खरं तेच आहे. कसल्या कसल्या भुकट्या एकत्र करायच्या, दाबून नाण्याएवढी काळी चकती पाडायची, भट्टीत घालायची आणि टिकते का बघत बसायचं. टिकली तर तिचं म्हणे कवच होणार. आभाळातून जे यान-बिन धाडकन खाली येतं ना, त्याच्या नाकावर. लोखंड जिथे पाण्यासारखं वाहून जाईल तिथे ही चकती ढिम्म.

मग म्हटलं, एवढी दणकट, तर भुगा कसा होतो गं?

"मोठ्या आचेवर नाही होत, आई. मधल्या आचेवर होतो."

हे काय उलटं! मोठी आग सोसते आणि बारीक आगीत मरते? तर म्हणे, "तेच तर. वर जाताना मधली आच लागतेच. तेच तर!" — आणि कपाळ धरून बसली. चहा केला. निवला. तसाच राहिला. मी काय करू? दगडाला मी काय समजावू?

५ जून

कालचा कप आज उचलला. वर जाड साय. चांगलं दूध वाया.

७ जून

मुलाचा फोन. तिकडे परदेशात कामाला गेल्यापासून आठवड्यातून एकदा करतो, आणि माझ्याशी बोलतो ते तिच्याबद्दलच. "ती कधी येणार? घर घेतलंय इथे मोठं. तू तिच्यावर लक्ष ठेव, आई. समजाव तिला."

मी काय समजावणार! मला माझा मुलगा समजत नाही. म्हटलं, मी पण येऊ ना तिकडे? म्हणाला, "मग बघू."

हे गेले आणि मी माझी खोली सोडून इथे आले ती ह्याच्याच सांगण्यावरून. "तिच्या सोबतीला राहा." मी आले आणि हा गेला. आता आम्ही दोघीच, एकमेकींच्या सोबतीला. बरी सोबत! ती दगडांशी बोलते, मी वहीशी.

८ जून

आज पहिल्यांदा थोडं डोक्यात शिरलं, तर लिहून ठेवते.

दूध तापवत होते. ती पाठीमागे येऊन उभी राहिली, पातेल्यात बघत. म्हणाली, "आई, साय हलवू नका." म्हटलं का, पाप लागतं? म्हणाली, "नाही, बघा. हेच आहे माझं काम."

तर असं. चकती तापली की हवा तिला खायला बघते. लोखंडाला गंज येतो तसंच, फक्त फार भराभर. मोठ्या आचेला काय होतं की चकतीतलंच काहीतरी वितळून वर येतं आणि काचेची साय धरते. साय धरली की हवा बाहेर, चकती आत, सुखरूप. पण मधल्या आचेला साय धरतच नाही. हवेला रान मोकळं. शिरते आत, आतून फुगवते, आणि भुगा. फारच तापवलं तर ती साय उकळून उडून जाते, तो निराळाच ताप.

"म्हणजे तुला मधल्या आचेलाच साय धरायला लावायचीय."

"बरोबर!"

"एवढी शिकलीस ती दुधाच्या सायीसाठी?"

खो खो हसली. किती दिवसांनी! मग म्हणाली, "बोरॉन थोडं वाढवलं की धरेल. धरायला पाहिजे." बोरॉन का काय ते. आणि एक झिरको-काहीतरी. ते मला लिहिता येत नाही, जाऊ दे. चौथी शिकलेल्या बाईने किती लिहायचं.

हसता हसता दूध उतू गेलं. शेगडी मीच पुसली!

१३ जून

चष्मा घरी विसरली. भट्टीसमोर बसायचंय आणि चष्मा उशीखाली! घेऊन गेले. फाटकावरच्या माणसाने दहा प्रश्न विचारले — कोण, कुणाची, कशाला. म्हटलं सासू आहे तिची, बाँब नाही. सोडलं.

खोली केवढी आणि भट्टी केवढीशी! मला वाटलं होतं विटांची असेल, धूर असेल. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, पाण्याच्या नळ्या गुंडाळलेल्या, मधोमध बोट जाईल एवढं भोक. भट्टीवाला एक जाडा माणूस, मिश्या जळालेल्या. म्हणाला, "या मावशी, सुनेला नजर लागू नये म्हणून आलात का?" म्हटलं, तुमच्या मिश्यांना कुणाची लागली? तो असा हसला की ठसका लागला.

काळी काच दिली डोळ्यांना. बघितलं. आत पांढरं. नुसतं पांढरं. त्यात एक ठिपका, तोही पांढराच, पण कड दिसत होती. म्हणाला, ती चकती. म्हटलं हिला दुखत नाही का? काय बोलून गेले!

सून पलीकडे उभी होती. भोकाला डोळा लावून. तिचं तोंड बघितलं मी. अशी ती माझ्या मुलाकडे बघताना मी कधी बघितली नाही. लग्नातसुद्धा नाही.

हे लिहायला नको होतं. पण खरं आहे.

१३ जून, नंतर

भुगा.

१८ जून

भांडण. माझंच तोंड. जेवण वाढून ठेवलेलं, ही कागदात डोकं खुपसून. तिकडून नवऱ्याचा फोन वाजून वाजून बंद. मग त्याने मला केला, मला बोलला. म्हणजे हिचा राग माझ्यावर! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एक दिवस तुझे हे दगड उचलून कचऱ्यात टाकते की नाही बघ! म्हणजे सुटू सगळे."

तिने ताट पुढे ओढलं, खाल्लं, ताट धुतलं. तिचं हे गप्प बसणं मला सोसत नाही. माझ्या घरात भांडण म्हणजे भांडण — दोन्हीकडून. इथे एकटीनेच किती भांडायचं.

२३ जून

धरली! धरली! साय धरली!

दारातच ओरडली. मला गच्च धरलं, चष्मा माझ्या कानात घुसला. मधल्या आचेवर ठेवली होती, चकती जशीच्या तशी बाहेर आली आणि वर तुकतुकीत साय. त्या भुकटीच्या सगळ्या चकत्यांमधली एकच जगली. बाकीच्यांना चिरा गेल्या. पण एक पुरे म्हणाली. एक पुरे!

मीही नाचले थोडी. गुडघा धरून.

२४ जून

आता नवीन घोर. एक चकती जगली म्हणजे झालं नाही. ती दुसऱ्या शहरात न्यायची, तिथे मोठं यंत्र आहे, त्यात कापून बघायची — साय कशाची आहे, किती जाड आहे, खाली काय आहे. मग मोठे सर, म्हणजे तिच्या वरचे साहेब, समितीपुढे ठेवणार. समिती ठरवणार, हिचं काम पुढे चालू की बंद. बंद म्हणजे हिची जागाही बंद.

म्हटलं, फोटो दाखव ना त्यांना. म्हणाली, "फोटोत साय दिसते, आई. ती कशाची आहे ते नाही दिसत."

मुलाला सांगितलं, साय धरली. म्हणाला, "म्हणजे अजून लांबणार का?" मी फोन ठेवला. पहिल्यांदाच, त्याने ठेवायच्या आधी.

२७ जून

बाहेर झिमझिम थांबत नाही. कपडे वाळत नाहीत. सगळ्या स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्यात, खाली गॅस पेटवून ठेवते. डोक्यावर पायजमे, चेहऱ्याला मोजे. जगणं आहे हे?

तिकडे त्यांच्या इमारतीत विजेचं काम निघालं, दोन दिवस सगळं बंद. त्यांचं ते कोरडं कपाट वीज गेली की कोरडं राहत नाही म्हणे. म्हणून चकती घरी आणली. जाड काचेची बरणी, खाली निळे दाणे, वर जाळीवर चकती. तीस तारखेच्या पहाटेच्या गाडीने ती घेऊन जाणार.

माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवायची होती तर तिथे भिंतीला ओल. मग स्वयंपाकघरातल्या फळीवर. मला म्हणाली, "उद्या मी सरांकडे आहे, बोलायचं पाठ करायचंय. दाणे निळे आहेत ना एवढं बघा. निळे म्हणजे कोरडं. गुलाबी व्हायला लागले तर ओल शिरली."

म्हटलं बघते. त्यात काय आहे न बघण्यासारखं.

२८ जून

आज एक काम फत्ते केलं, ते लिहिते. नाहीतर म्हणायचे सासूला काही जमत नाही.

सकाळी ती गेली. मी दाणे बघायला गेले. बरणीची काच एवढी जाड की निळं-हिरवं काही कळेना, माझ्या डोळ्यांना तर मुळीच नाही. झाकण उघडलं. घट्ट बसलेलं, वंगण लावलेलं, दोन्ही हात लावले तेव्हा सुटलं. निळे होते दाणे. झक्क निळे. चकतीही बघितली. एवढीशी! हिच्यासाठी एवढं रामायण! झाकण ठेवून दिलं.

भांडी, कपडे, गॅसवर पाणी. दुपारी सहज वर बघितलं तर दाणे गुलाबी! आणि चकतीवर पांढरं — कापसासारखं, मऊ मऊ. बुरशी! ह्या ओल्या हवेत पिठाला येते, चपलांना येते, भिंतीला येते, हिला का नाही येणार. धाबंच दणाणलं. पोरीची पाच वर्षं त्या चकतीत आणि आली बुरशी.

फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. बोलायचं पाठ चाललंय! मग म्हटलं, आता माझं मी बघते. गरम पाणी घेतलं, तारेची घासणी घेतली, घासून घासून काढली. बरीच चिवट होती कडांना. पण निघाली. लख्ख झाली, काळी कुळकुळीत. फडक्याने कोरडी केली, गॅसजवळ धरून ऊब दिली. दाणेही पातेल्यात परतून काढले — ती भट्टीत तापवून पुन्हा निळे करते हे सांगितलं होतं तिने — आणि झाले की निळे! झाकण ह्या वेळी दाबून बसवलं.

बरणी पुसून फळीवर ठेवली. काल होती त्याहून छान दिसते. आली की दाखवते.

२८ जून, संध्याकाळ

ती साय होती.

२९ जून

लिहायला बसले आणि उठले. पुन्हा बसले.

आली तेव्हा हसत होती. पाठ झालं होतं सगळं. मीच म्हटलं, "बरणी बघ, बरणी बघ." बघितली. झाकण काढलं. चकती चिमट्याने उचलली, दिव्याखाली फिरवली. इकडून. तिकडून. म्हणाली, "आई, साय कुठे गेली?"

म्हटलं, कसली साय? बुरशी आली होती, मी घासून काढली.

"बुरशी," म्हणाली. एकदाच.

मग खाली बसली. खुर्ची होती बाजूला, पण खालीच. मी बडबडतच होते — "पांढरं होतं गं! कापसासारखं! तू काच म्हणाली होतीस, काच पांढरी असते का?" म्हणाली, "ओल प्यायली की होते तशी. पाण्यात विरघळते ती."

"मग हे सांगायचं ना मला!" — मीच ओरडले! मीच! चूक माझी आणि आवाजही माझाच वर.

ती म्हणाली, "हो. सांगायला पाहिजे होतं."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

३० जून

पहाटेची गाडी गेली. ती गेली नाही.

३० जून, दुपार

शेवटी भट्टीवाल्याला गाठलं, फाटकाबाहेर. म्हटलं, दुसरी करा. हवं तर मी बसते रात्रंदिवस, भुकटी दाबते, काय वाटेल ते करते. तो म्हणाला, "मावशी, ती भुकटी संपली. नवी मागवायची तर काम चालू राहायला पाहिजे. आणि काम चालू राहायचं तर चकती पाहिजे."

म्हटलं, हा कुठला न्याय!

"न्याय नाही, ऑफिस आहे."

मग विचारलं, नुसती पांढरी झाली होती, मी धुतली नसती तर? इकडे तिकडे बघायला लागला. म्हटलं बोला हो, मी काही लहान नाही. म्हणाला, "थोडी राहिली असती. कडेला वगैरे. कापून बघण्यापुरती."

कडेलाच चिवट होती. तिथेच मी जोर लावला.

१ जुलै

मुलाचा फोन. तिने सांगितलं असावं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर त्याला चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तो हसला! म्हणाला, "तू पण ना, आई! कमाल केलीस."

मला कळेना. म्हटलं कसली कमाल?

"बरं झालं गं. आता येईल ती. मला जे इतके महिने जमलं नाही ते तू घासणीने केलंस."

म्हटलं, अरे मी मुद्दाम नाही केलं! मला बुरशी वाटली!

"हो हो," म्हणाला. "बुरशीच होती."

 माझ्या पोटचा पोर, आणि त्याला वाटतं मी असं करू शकते. वर त्याला ते आवडलंय!

३ जुलै

आज तिने विचारलं. भाजी निवडत होतो, समोरासमोर. मान खाली घालूनच म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच बुरशी वाटली?"

म्हणजे तिच्याशीही बोलला तो. काय बोलला विचारायची हिंमत झाली नाही.

म्हटलं, हो, खरंच.

"बरं," म्हणाली.

बस. "बरं." त्यात काय होतं? मानलं की टाकलं? मी दिवसभर तो "बरं" उलटापालटा करतेय. मग पुन्हा सांगायला गेले — पांढरं होतं, मऊ होतं, फोन केला होता तुला, दोनदा केला होता — आणि जेवढं सांगत गेले तेवढं मलाच ते खोटं वाटायला लागलं. खऱ्याला एवढं समजावायला कशाला लागतं? शेवटी म्हणाली, "आई, राहू दे आता."

आणि तो दिवस आठवला. दगड कचऱ्यात टाकते म्हणाले होते. तिलाही आठवला असणार. गप्प बसणारी माणसं काही विसरत नाहीत.

४ जुलै

शिंपीणबाई आल्या, माझं कापलेलं ब्लाउज मापाला घेऊन. कुठून कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "चांगला धडा दिलात हो. फारच डोक्यावर बसली होती कामाच्या नावाखाली." डोळा मारला मला! डोळा!

म्हटलं, निघा. कापलेलं ब्लाउज तसंच घेऊन निघा.

गेल्या. जिन्यात म्हणत होत्या, "बरोबर आहे, कबूल कोण करतं." आता काय जिन्यात जाऊन ओरडू? सगळ्या गल्लीला ओरडून सांगू की मी मूर्ख आहे, दुष्ट नाही? मूर्ख असल्याचा दाखला कोण देतं?

९ जुलै

समिती झाली.

मी सकाळी तयार होऊन बसले होते. म्हटलं, मी येते. मी सांगते त्यांना, मी धुतली, गरम पाण्याने धुतली, तारेने धुतली. त्यांना काय बोलायचं ते मला बोलू देत. ती नको म्हणाली. केस विंचरले, कागद घेतले, गेली.

आली तेव्हा संध्याकाळ. म्हणाली, "बंद."

म्हणे मोठे सर चांगलं बोलले. फोटो दाखवले, वजनं दाखवली, आधीचं नंतरचं. एक पांढऱ्या केसांचा म्हणाला, सगळं ठीक, पण चकती कुठे आहे? हिने सांगितलं, दमट हवेत राहिली, माझा निष्काळजीपणा. तो म्हणाला, ओल्या हवेत दोन दिवस टिकत नाही ते आभाळात काय टिकणार! सगळे हसले म्हणे. हीपण थोडी हसली म्हणे. का हसलीस गं?

मी उसळलेच. "तुझा निष्काळजीपणा? माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर काय म्हणाले असते, आई? सासू-सुनेचं भांडण. मग चकतीबद्दल कुणी बोललंच नसतं. आयुष्यभर तेच राहिलं असतं माझ्या मागे — हिच्या सासूने धुतली."

 मला वाटलं होतं मला पाठीशी घातलं. तसं नव्हतं. मला त्यात शिरू दिलं नाही. पदरात घ्यावी म्हटलं तर चूकसुद्धा माझी राहिली नाही.

१० जुलै

आज दिवसभर झोपली. मी दारापर्यंत जाते आणि परत येते.

१४ जुलै

भट्टी दुसऱ्यांना दिली. भट्टीवाला तिचं सामान घेऊन आला — चिमटा, काळी काच, चहाचा कप, आणि एका डबीत भुगाच भुगा, सगळ्या मेलेल्या चकत्यांचा. म्हणाला, "टाकवेना, मावशी." मला दिली डबी. माझ्या हातात! मी ती तशीच तिच्या हातात ठेवली, उघडलीही नाही. आता ह्या घरात मी पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून उचलते.

चहा घेऊन गेला तो. जाताना म्हणाला, "आम्ही भट्टीवर कितीदा मेहनत जाळलीय. कुणी मुद्दाम करत नाही." चांगल्या मनाने म्हणाला. पण "मुद्दाम" हा शब्द त्यालाही आणावाच लागला ना तोंडात.

१७ जुलै

मुलगा रोज फोन करतो आता. तिला. पूर्वी आठवड्यातून एकदा. ती "हं", "हं" म्हणते. मला दिला तर म्हणतो, "आई, तूच सोडवलंस बघ सगळं." मी म्हटलं, पुन्हा असं म्हणालास तर मी तुझी आई नाही. हसला. माझ्या रागाला तो लहानपणापासून हसतोच. तेव्हा मला गोड वाटायचं.

घर रिकामं करायचं ठरलं. महिनाअखेर. तो म्हणतो, तिकडचं सगळं तयार आहे. म्हटलं, आणि माझं? "तुझंही बघू."

२२ जुलै

भांडी घासताना घासणी हातात धरवत नाही. नारळाच्या काथ्याने घासते. ती बघून गेली.

२६ जुलै

आज भांडलो! म्हणजे ती भांडली! कपडे बांधताना मी म्हटलं, नवऱ्याकडे चाललीस, जरा बरे कपडे घे. तर फाडकन म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? पाच वर्षं एका चकतीसाठी काढली मी, आणि तुम्हाला माझ्या कपड्यांची पडलीय! एकदा तरी बरणी न उघडता राहवलं नाही तुम्हाला? बघा म्हटलं म्हणजे उघडा म्हटलं का?"

मीही सुटले. "मग बाहेरून बघा म्हणायचं! माझे डोळे काय दुर्बिणी आहेत? चौथी शिकलेय मी, दाण्यांची भाषा मला कोण शिकवणार?"

"मी शिकवत होते की! दुधावर!"

"दुधाच्या सायीला कापूस येत नाही!"

दोघी धापा टाकत उभ्या. तिचं नाक लाल, माझाही चष्मा धुकट. मग ती रडली. रडू द्यावं की जवळ घ्यावं, हे मला कळलं नाही. माझे हात मला त्या दिवसापासून आवडत नाहीत. नुसती उभी राहिले. रडून झाल्यावर म्हणाली, "भूक लागलीय."

भात टाकला. दोघी पातेल्यातूनच जेवलो.

३१ जुलै

नवऱ्याकडे जात नाही म्हणाली. तिला काम मिळालंय. दुसऱ्या शहरात, कपबश्यांच्या कारखान्यात, भट्टीवर. म्हटलं, एवढी शिकून कपबश्या? म्हणाली, त्यांच्यावरही काच चढवावी लागतेच.

म्हटलं, जा. माझी काळजी करू नकोस, मी मुलाकडे जाते.

ती पुस्तकं बांधत होती. थांबली. म्हणाली, "आई, त्याने एकच तिकीट पाठवलं होतं. माझ्या नावाचं."

सुतळीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तशाच बसलो. माझं तिने खरं मानलं की नाही, हे तिने आजही सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मग म्हणाली, "कारखान्याची खोली एकच आहे."

म्हटलं, खिडकीकडची बाजू माझी.